काळ्या दगडातले घुमट : दख्खनी वास्तूंच्या वादाचा आढावा

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधून निघाले, की अर्ध्या तासाच्या आत दोन जुनी बांधकामे गाठता येतात. एकीकडे वालधुनीकाठचे अंबरनाथचे शिवमंदिर. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले. दुसरीकडे कल्याणला शेणाळे तलावाच्या काठी काळी मशीद आहे आणि औरंगजेबाच्या काळातला मोगल अधिकारी मातबरखान याची कबरही. अंबरनाथच्या मंदिरावर भरपूर लिहिले गेले आहे, शाळांच्या सहली तिथे जातात. कल्याणच्या वास्तूंना जिल्ह्याच्या इतिहासात दोन-चार ओळी मिळतात. याच उल्हासनगरात १९४७ नंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे वसली. त्यांच्या मागे राहिलेल्या मुलखात, ठट्ट्याला, शाहजहानने बांधवलेली निळ्या फरशांची प्रचंड मशीद आहे. कल्याणची आणि ठट्ट्याची या दोन्ही मशिदी सतराव्या शतकातल्या म्हणून ओळखल्या जातात. तरी त्या एकमेकींसारख्या मुळीच दिसत नाहीत. एकाच धर्माच्या, एकाच शतकातल्या वास्तू इतक्या वेगळ्या कशा, हा प्रश्न विचारला की आपण दीडशे वर्षे चाललेल्या एका वादात शिरतो.

दख्खनमधल्या मशिदी, मकबरे, मदरसे यांना कोणत्या परंपरेत बसवायचे, हा तो वाद. इराण आणि मध्य आशियातून आलेली ही शैली आहे, दिल्लीची प्रांतिक आवृत्ती आहे, की इथल्या दगडात आणि इथल्या हातांनी घडलेली स्वतंत्र परंपरा आहे? तिन्ही बाजूंना अभ्यासू माणसे उभी आहेत, आणि तिन्ही बाजूंजवळ दाखवण्यासारख्या वास्तू आहेत.

वादाची पार्श्वभूमी

अलाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी केली. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात, १३१८ मध्ये, तिथे जामा मशीद उभी राहिली. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून राजधानी तिकडे हलवली. १३४७ मध्ये बहमनी राज्य वेगळे झाले, आणि पुढे ते फुटून विजापूर, अहमदनगर, बीदर, वऱ्हाड, गोवळकोंडा ही पाच राज्ये झाली. १६३६ मध्ये निजामशाही संपली, १६८६ मध्ये विजापूर पडले आणि पुढच्याच वर्षी गोवळकोंडा. मोठ्या वास्तू बहुतेक या साडेतीन-चार शतकांतल्या आहेत.

आधुनिक अभ्यास ब्रिटिश काळात सुरू झाला. मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा विजापूरवरचा ग्रंथ १८६६ मध्ये आला. फर्ग्युसनचा भारतीय वास्तुकलेचा मोठा इतिहास १८७६ मध्ये निघाला. हेन्री कझिन्सने १९१६ मध्ये विजापूरच्या वास्तूंची तपशीलवार मोजमापे आणि रेखाचित्रे छापली. ती आजही हाताशी ठेवावी लागतात. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याची धुरा गुलाम याझदानी यांनी सांभाळली आणि १९४७ मध्ये बीदरवरचा ग्रंथ पूर्ण केला. पर्सी ब्राऊनने १९४२ मध्ये भारतातल्या इस्लामी वास्तुकलेची जी वर्गवारी मांडली, तिच्यात दख्खनला ‘प्रांतिक शैलीं’च्या खणात जागा मिळाली. पुढच्या कित्येक पाठ्यपुस्तकांनी तो खण जसाच्या तसा उचलला.

स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात म. श्री. माटे यांनी दौलताबादकडे पुरातत्त्वाच्या नजरेने पाहिले. मध्ययुगीन शहर जमिनीखालून कसे वाचायचे, हा त्यांचा प्रश्न होता. १९८१ मध्ये एलिझाबेथ मर्कलिंगर यांनी दख्खनच्या वास्तूंचा कालक्रम लावला. १९९९ मध्ये जॉर्ज मिशेल आणि मार्क झेब्रोवस्की यांनी सगळ्या सल्तनतींची कला एका ग्रंथात आणली. पुष्कर सोहोनी यांचा निजामशाही वास्तूंवरचा ग्रंथ २०१८ चा. मराठी वाचकाच्या मुलखाशी थेट संबंध असलेले हे अलीकडचे सर्वांत महत्त्वाचे काम, असे माझे मत आहे. कारण विजापूर आणि गोवळकोंड्याच्या सावलीत अहमदनगर नेहमीच मागे राहिले होते.

इराणकडे जाणारा धागा

पहिली भूमिका मांडणारे समुद्राकडे बोट दाखवतात. चौल आणि दाभोळ ही बंदरे बहमनी काळात होर्मुझ आणि अरबस्तानाशी जोडलेली होती. दरबारात ‘आफाकी’, म्हणजे परदेशातून आलेले, आणि ‘दखनी’ असे दोन गट होते. त्यांची चढाओढ राजकारणात उघड दिसते. माणसे आली तशी कल्पनाही आली. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातल्या जामा मशिदीवर १३६७ हे साल आणि कझवीनच्या रफीचे नाव आहे. ही मशीद पूर्ण छताखाली आहे, तिला मोकळे अंगण नाही, आणि भारतातल्या मोठ्या मशिदींत ती त्यामुळे एकटी पडते. बीदरला बहमनी वजीर महमूद गवानने १४७२ मध्ये मदरसा बांधला. त्याचा आराखडा, कोपऱ्यावरचा मिनार आणि दर्शनी भिंतीवरच्या रंगीत फरशा थेट तैमुरी खुरासानची आठवण करून देतात. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात त्याचा बराच भाग उडाला, पण उरलेल्या भिंतीवरच्या फरशा पुरावा द्यायला पुरेशा आहेत.

या धाग्याचे मुंबईतले टोक फार उशिराचे आहे. डोंगरीतली इराणी मशीद, लोकांच्या तोंडी मुघल मशीद, १८६० ची. शिराझहून आलेल्या व्यापाऱ्याने बांधवलेली, घुमट नसलेली, निळ्या फरशांनी मढवलेली. तिच्यासमोर उभे राहिले की इराणचा प्रभाव म्हणजे काय, हे पुस्तकाशिवाय कळते.

ही भूमिका आराखडा आणि सजावट चांगली उलगडते. बांधकामाशी आली की मात्र ती अडखळते. इराणची वीट दख्खनमध्ये बेसाल्ट झाली, आणि बेसाल्ट घडवणारा कारागीर कझवीनहून आला नव्हता.

दिल्लीची सावली

दुसऱ्या भूमिकेचे सर्वांत मोठे उदाहरण औरंगाबादचा, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम १६५७ मध्ये वारली. तिचा हा मकबरा १६६० च्या आसपास उभा राहिला. प्रवेशद्वारावर अताउल्ला आणि हंसपतराय ही नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला जातो. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएने संगमरवराने भरलेल्या गाड्या वाटेत पाहिल्याची नोंद केली आहे. तरी संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला पुरला. बाकी काम चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्याचे.

‘गरिबांचा ताज’ हे नाव इथूनच पडले. जुन्या समीक्षेने मकबऱ्याला उतरत्या काळाची खूण मानले : प्रमाणे बिघडली, मिनार घुमटाला दाबू लागले, पैसा कमी पडला. अलीकडच्या अभ्यासकांनी याचा फेरविचार केला आहे. कॅथरीन अॅशर यांच्यासारख्या मोगल वास्तूंच्या इतिहासकारांना त्यात उंचीकडे, निमुळतेपणाकडे झुकलेली नवी अभिरुची दिसते. इतर काही जण म्हणतात की ही वास्तू दख्खनमध्ये मोगल सत्तेने रोवलेली खूण आहे, आणि तिचा गिलावा दख्खनी कारागिरांच्या जुन्या सवयीतून आलेला आहे. मला स्वतःला दुसरे म्हणणे अधिक पटते. दख्खनमध्ये चुन्याच्या गिलाव्यातली नक्षी ही नाइलाजाची गोष्ट नव्हती. विजापूर, बीदर आणि गोवळकोंडा इथे ती दरबारी कला होती. पण मकबरा कोणी बांधवला, औरंगजेबाने की त्याचा मुलगा आझमशहाने, यावर अजून दोन्ही मते छापली जातात.

दगड आणि हात

तिसऱ्या भूमिकेजवळ थोडे थांबावे लागते, कारण तिथला पुरावा आपल्या पायाखालचा आहे.

अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची, दमडी मशीद १५६७–६८ ची. ती साहिरखानाने बांधवली. किल्ला बांधणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी देऊन ती उभी केली, असे लोक सांगतात. आकाराने लहान, पण दगडावरचे कोरीवकाम असे की पाहणाऱ्याने कमानीच्या कडेवरून बोट फिरवावे. बेसाल्ट कठीण असतो. त्याच्यावर इतकी बारीक कड धरणे हे पिढ्यांच्या सरावाशिवाय होत नाही. हा सराव यादवकाळातल्या आणि त्याआधीच्या मंदिरांवर झाला होता. अंबरनाथच्या मंदिराची भूमिज शिखराची रचना आणि दमडी मशीद यांच्यामध्ये पाच शतके आहेत, पण खाणीतून दगड काढणे, त्याचा पोत ओळखणे, सांधा बसवणे हे ज्ञान त्या पाच शतकांत खंडित झाले नाही. विजापूरच्या करीमुद्दीनच्या मशिदीत, १३२० मध्ये, कारागीर म्हणून रेवैया हे नाव कोरलेले आहे. हे नाव या भूमिकेचा सर्वांत बोलका पुरावा आहे.

उलट दिशेचा पुरावाही तितकाच ठळक आहे. सिंदखेडराजा इथली लखुजी जाधवरावांची समाधी घुमटाची आहे. चौरस बांधणी, भक्कम भिंती, कमानींच्या रांगा, आणि वर गोल घुमट. लखुजी १६२९ मध्ये दौलताबादला मारले गेले. त्यांच्यासाठी ज्या पद्धतीची वास्तू उभी राहिली, ती निजामशाही सरदाराच्या मकबऱ्याची पद्धत होती. वेरूळला मालोजीराजांच्या समाधीलाही घुमट आहे. त्या काळातल्या मराठा सरदाराला ही पद्धत परकी वाटत नव्हती. दरबार, किल्ला, बाग आणि समाधी यांची एक सामायिक भाषा होती, हे सोहोनी यांच्या मांडणीतून स्पष्ट होते.

विजापूरचा गोल गुंबज या चर्चेत नेहमी येतो, आणि यायलाच हवा. मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला आणि तिथेच पुरला गेला. बाहेरून मोजला तर घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर भरतो. तुर्कस्तानातल्या एडिर्ने इथली, वास्तुकार सिनानची सेलिमिये मशीद १५७० च्या दशकातली. तिचा घुमट सुमारे ३१ मीटरचा आहे, आणि त्याच्या भाराला आजूबाजूचे आठ खांब व अर्धघुमट हातभार लावतात. गोल गुंबजाला असा बाहेरचा आधार नाही. एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानी आत झुकतात, त्यांच्यातून अष्टकोन तयार होतो आणि त्याच्यावर घुमट बसतो. आत झुकलेले हे दगडचुन्याचे वजन घुमटाचा बाहेरचा रेटा पेलते, ही गोष्ट फर्ग्युसनने एकोणिसाव्या शतकातच मोकळ्या मनाने वाखाणली. कमानी छेदण्याची युक्ती तैमुरी मध्य आशियातही होती, हे पहिल्या भूमिकेचे लोक बरोबर दाखवून देतात. पण इतक्या मोठ्या मापावर ती विजापूरनेच चालवली. इथे आणखी एक नाव येते : मलिक याकूत दाभोळी. विजापूरच्या जामा मशिदीचा मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, १६३६ मध्ये त्याच्या देखरेखीखाली सजला. गोल गुंबजाशीही परंपरा त्याचे नाव जोडते. दाभोळ म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले बंदर. कोकणाच्या नावाने ओळखला जाणारा माणूस दख्खनच्या सर्वांत मोठ्या वास्तूच्या कथेत येतो, याची कोकणातल्या शालेय पुस्तकांत एखादी ओळ तरी असावी असे मला मनापासून वाटते.

खुद्द कोकणात आणि गोव्यात हवामानाने शैलीला वाकवले. फोंड्याची साफा मशीद जांभ्याची, उतरत्या कौलारू छपराची, समोर मोठे तळे असलेली आहे. घुमट नाही, कारण चार महिन्यांचा पाऊस उतरत्या छपरावरून वाहून जातो. १५६० साली इब्राहिम आदिलशहाने ती बांधली, असे सर्वत्र छापलेले दिसते. पण १५५८ पासून विजापूरच्या गादीवर अली आदिलशहा होता, तेव्हा साल किंवा नाव यातले काहीतरी सुधारायला हवे. दाभोळची किनाऱ्यालगतची मशीद मात्र घुमट-मिनारांची, थेट विजापुरी वळणाची आहे. एकाच किनाऱ्यावर दोन पद्धती शेजारी नांदल्या.

ठट्ट्याची तुलना इथे उपयोगी पडते. शाहजहानी मशीद १६४४ ते १६४७ या काळात बांधली गेली. बापाविरुद्ध बंड केलेला शहजादा असताना शाहजहानला सिंधमध्ये आसरा मिळाला होता, त्याची ती परतफेड मानली जाते. सिंधूच्या गाळात दगड नाही, म्हणून ती विटांची. विटेवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे काम चढले. तिला मिनार नाहीत, पण ओळीने लहान घुमट आहेत आणि त्यांच्यामुळे मिहराबापाशी उच्चारलेला शब्द लांबवर ऐकू जातो. त्याच दशकांत आग्र्याला संगमरवर, विजापूरला दगड-चुना, ठट्ट्याला वीट-फरशी. शैली ठरवताना दरबाराइतकाच जमिनीचा विचार करावा, ही तिसऱ्या भूमिकेची खरी ताकद आहे. तिची मर्यादाही आहे : ती कधीकधी इतकी स्थानिक होते, की आराखड्यातली, मिहराबाच्या लेखनातली, प्रमाणांतली दूरची ओळख तिच्या हातून निसटते.

पुन्हा वापरलेले दगड

दौलताबादच्या जामा मशिदीत शंभराहून अधिक खांब आहेत, आणि त्यांतले बरेच आधीच्या मंदिरांचे आहेत. १९४८ नंतर या वास्तूत भारतमातेची मूर्ती बसवली गेली आणि आता ती त्या नावाने ओळखली जाते. मंदिरांचे भाग मशिदींत का आले, या प्रश्नावर अभ्यासकांत तीन मते आहेत. पहिले मत : ही विजयाची जाहीर खूण होती, पाहणाऱ्याला ती तशीच वाचायला लावायची होती. दुसरे : नव्या सत्तेला घाई होती, घडवलेला दगड समोर होता, आणि स्थानिक कारागीर त्याच पद्धतीने काम करत होते. तिसरे मत रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर यांनी २०१४ च्या ग्रंथात दख्खनपुरते मांडले : सुलतान आणि विजयनगरचे राजे दोघेही जुन्या चालुक्य वास्तूंचे भाग मुद्दाम पुन्हा वापरत होते, कारण त्या भागांना जुन्या सत्तेचे वजन होते.

ही तिन्ही मते एकाच वास्तूला लागू पडत नाहीत. १३१८ च्या दौलताबादला पहिले मत अधिक लागू पडते, असे बहुतेक जण मान्य करतील. पण प्रत्येक वास्तूसाठी उत्तर वेगळे काढावे लागते. त्यासाठी दगड, सांधे, लेख आणि थर तपासावे लागतात. मंदिरे पाडली गेली ही वस्तुस्थिती झाकून हा अभ्यास होत नाही, आणि प्रत्येक मशिदीखाली मंदिर गृहीत धरूनही होत नाही. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचा आणि आपल्या डोळ्यांसमोरच्या मलंगगडाचा वाद मालकीचा आणि उपासनेच्या हक्काचा आहे. तो न्यायालयांनी सोडवायचा आहे, आणि वास्तुइतिहासाने त्यात फक्त तारखा व मोजमापे द्यावीत.

नव्या वास्तू, नवा प्रश्न

विसाव्या शतकात वाद दुसऱ्या वळणावर आला : मशीद ओळखू यायला घुमट आणि मिनार लागतातच का? भेंडीबाजारातले दाऊदी बोहरा समाजाचे समाधिस्थळ रौदत ताहेरा, याह्या मर्चंट यांनी रचलेले आणि १९७५ मध्ये पूर्ण झालेले, परंपरेच्या बाजूने बोलते. आतल्या भिंतींवर संगमरवरात संपूर्ण कुराण कोरले आहे, आणि बाहेरचे रूप फातिमी काळाकडे पाहते. दुसऱ्या टोकाला ढाक्याची बैत उर रऊफ मशीद. मरीना तबस्सुम यांची ही विटांची इमारत, २०१२ मध्ये पूर्ण झालेली, घुमट आणि मिनार दोन्हींशिवाय उभी आहे. छतातून आणि भिंतींच्या जाळीतून येणारा उजेड हेच तिचे अलंकरण. २०१६ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

आपल्या दाट वस्तीच्या गावांत हा प्रश्न जागेचा आहे. जुनी छोटी मशीद पाडून तिथे मजल्यांची आरसीसी इमारत उभी राहते, कारण जुम्म्याला माणसे रस्त्यावर येतात. त्या इमारतीवर तयार साच्यातला घुमट बसतो. समाजाची गरज खरी आहे, आणि जुन्या लाकडी-कौलारू मशिदींचे नाहीसे होणेही खरे आहे. साफा मशिदीच्या जातीच्या कोकणी मशिदी किती उरल्या, याची मोजणी होण्याआधीच त्या कमी होत आहेत.

काय सुटायचे आहे

सगळ्यात निकडीचा प्रश्न लेखांचा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानांनी तिथून शेकडो लेख वाचून छापले. फारसी वाचणारे तरुण अभ्यासक मराठी मुलखात कमी होत चालले आहेत. लेख न वाचता वास्तूला लोककथेचे नाव चिकटते. नगरजवळच्या डोंगरावरचा सलाबतखानाचा मकबरा चांदबिबीचा महाल म्हणून ओळखला जातो, तो असाच.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे. १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित वास्तू केंद्राच्या, १९६० च्या कायद्याखालच्या राज्याच्या. त्यांतल्या काही वक्फच्या नोंदीतही आहेत. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीने संरक्षित स्मारकांवरच्या वक्फ घोषणांबाबत नवी तरतूद आणली, आणि या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. नमाज चालू असलेल्या वास्तूची देखभाल कोणी, कोणत्या पद्धतीने करायची, यावर स्पष्ट नियम हवेत. तोवर ज्याच्या हाती वास्तू तो आपल्या परीने डागडुजी करतो. तिथे बहुतेक वेळा चुन्याच्या जागी सिमेंट येते, दगडावर ऑइलपेंट चढतो. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. मग क्षार साचतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. कोरलेला लेख रंगाखाली गेला की वाचणारा आला तरी वाचता येत नाही.

तिसरा प्रश्न लहान वास्तूंचा. वादातल्या तिन्ही भूमिका गोल गुंबज, बीदर, औरंगाबाद यांच्यावर उभ्या आहेत. कल्याण, भिवंडी, चौल, जुन्नर, बाळापूर, अचलपूर इथल्या मध्यम आणि लहान मशिदींची आराखड्यांसह, दगड-चुन्याच्या तपासणीसह पाहणी झाली, तर दरबाराबाहेरच्या कारागिरांनी काय केले हे पहिल्यांदा कळेल. रेवैयासारखी आणखी नावे सापडतील, किंवा सापडणार नाहीत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या महाविद्यालयांना हे काम आवाक्यातले आहे : मोजपट्टी, कॅमेरा, फारसी जाणणारा एक माणूस आणि मशिदीच्या विश्वस्तांची परवानगी. सुरुवात शेणाळे तलावापासून करता येईल.